धुक्यासाठी कापूस

दारातलं पायपुसणं नाहीसं झालंय, हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं.

"चपला नेतात ते ऐकलं होतं. पायपुसणं कोण नेईल रे?"

"काय दिवस आलेत," असं काहीतरी पुटपुटून मी पेपर थोडा वर धरला. त्या वेळी ते पायपुसणं आतल्या खोलीत पलंगाखाली नऊ तुकड्यांत पडलं होतं. काथ्याचं पायपुसणं चौकोनी कापून त्यावर फिकट पिवळ्या रंगाचा हात मारला आणि कडेने मातीचे बांध घातले, की भात कापून झालेलं शेत हुबेहूब दिसतं. शेत आपल्याकडचं नव्हे. जपानातल्या शिनानो प्रांतातलं, साल १५६१.

हा छंद काय आहे ते घरच्यांना समजावून सांगणं मला आजवर जमलेलं नाही. २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक स्वतः रंगवायचे, टेबलावर मांडायचे, टेप लावून इंचाइंचाने पुढे सरकवायचे, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. आणि खरी लढाई जिथे झाली तिथले डोंगर, नदी, झोपड्या आपणच बनवायच्या. बायको याला "खेळणी" म्हणते. मी "मिनिएचर" म्हणतो. परदेशातून पार्सल आलं तेव्हा वरच्या कागदावरही ढळढळीत "खेळणी" असंच छापलेलं होतं. तो कागद तिने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

आम्ही चौघे मित्र हे उद्योग करतो. चार महिन्यांपूर्वी चहाच्या भरात मी बोलून गेलो, "पुढची लढाई कावानाकाजिमा. टेबल माझ्याकडे."

उएसुगी केनशिन आणि ताकेदा शिनगेन हे दोन सरदार कावानाकाजिमाच्या एकाच खोऱ्यात १५५३ ते १५६४ या काळात पाचदा समोरासमोर आले. त्यातली चौथी लढाई सगळ्यात भीषण. केनशिन १३,००० माणसं घेऊन साइजो डोंगरावर बसला होता, शिनगेन खाली काइझू किल्ल्यात. शिनगेनच्या पदरी यामामोतो कान्सुके नावाचा मुत्सद्दी होता. त्याने जो बेत आखला त्याला म्हणतात सुतारपक्षी. समजूत अशी, की पक्षी खोडाला मागून चोच मारतो, किडा घाबरून पुढच्या भोकातून बाहेर येतो आणि पक्षी त्याला मटकावतो. त्याप्रमाणे १२,००० जणांनी रात्री मागून डोंगर चढून केनशिनला खाली हुसकायचं, आणि मैदानात ८,००० माणसं घेऊन शिनगेनने आ वासून उभं राहायचं.

बेत फक्कड होता. पण त्या संध्याकाळी काइझू किल्ल्यातून चुलींचा धूर रोजच्यापेक्षा जास्त निघाला. केनशिनने तो वरून पाहिला, शिदोऱ्या बांधल्या जाताहेत हे ओळखलं, आणि रात्रीच चिडीचूप डोंगर उतरून नदी ओलांडली. सकाळी धुकं विरलं, तर किडा अख्ख्या फौजेनिशी शिनगेनच्या पुढ्यात उभा. तिकडच्या बखरींत हे असं आहे. बखर म्हटली की फोडणी आलीच, पण धुराचा मुद्दा मी तेव्हाच नीट लक्षात ठेवायला हवा होता.

एक सैनिक म्हणजे २०० माणसं असा हिशोब धरला, तरी दोन्ही बाजू मिळून १६५ सैनिक होत होते. प्रत्येकाला पायाखाली बैठक लागते. तयार बैठका महाग. मग शोध लागला की २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं बरोबर २५ मिलिमीटरचं आहे. घोडेस्वार वगळून १४१ नाणी हवी होती. मी वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे, देवळाबाहेर, सगळीकडे दोनची नाणी मागत सुटलो. "सुट्टे द्या" म्हणून गयावया करणारं जग मी उलट्या बाजूने पाहिलं. घरातल्या सुट्ट्या पैशांचा डबा दोन दिवसांत रिकामा झाला, तेव्हा मुलीवर संशय गेला. मी पेपर वर धरला.

रंगकामाबद्दल फार बोलत नाही, डोळे अजून दुखतात. चिलखताच्या प्रत्येक पट्टीवर रेशमी दोऱ्यांची वीण असते आणि ती झिरो नंबरच्या ब्रशने काढायची असते, एवढं सांगितलं तरी पुरे. पायदळाचे भाले इतके अणकुचीदार की प्रत्यक्ष लढाईआधीच माझ्या अंगठ्यातून रक्त आलं होतं. निशाणांत मात्र जीव रमला. ताकेदांचं चिन्ह म्हणजे चार समभुज चौकोन, थेट चार शंकरपाळे. ते जमले. केनशिनच्या निशाणावर एकच चिनी अक्षर असतं, त्याच्या बिशामोन या देवाचं. हा बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, अर्थात कुबेर. कुबेराच्या भक्तांना मी दोन-दोन रुपयांवर उभं केलं होतं. शिनगेनच्या खास निशाणावर तर १४ अक्षरं: वाऱ्यासारखे वेगवान, वनासारखे शांत, वणव्यासारखे दाहक, डोंगरासारखे अचल. करंगळीच्या नखाएवढ्या कापडावर १४ अक्षरं. मी १४ ठिपके दिले. लांबून पाहिलं तर अक्षरंच वाटतात. जवळून पाहू नये.

डोंगराची मला काळजी नव्हती. ज्या माणसाने लहानपणी दर दिवाळीला अंगणात किल्ला केला, त्यावर अळीव पेरले, त्याला साइजो डोंगर काय अवघड? शेजाऱ्यांकडे नवा फ्रिज आला होता, त्याचं थर्माकोल मिळालं. ते सुरीने कापताना जे पांढरे दाणे उडतात ते केसांना, पडद्यांना, मांजराला चिकटतात आणि झाडले की दुसरीकडे जाऊन चिकटतात. बुधवारच्या साबुदाण्याच्या खिचडीत एक दाणा शिजला नव्हता, त्यावरून आईने साबुदाण्याला दोष दिला. मी गप्प राहिलो.

डोंगर देखणा झाला. आता वरून एकसारखा रंग हवा म्हणून मी स्प्रेचा डबा आणला, रात्री अकराला बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि फवारा मारला. पहिली दोन मिनिटं छान गेली. मग डोंगरातून बारीक चुर्र असा आवाज येऊ लागला. स्प्रेमधलं रसायन थर्माकोल खातं, हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं असं मला नंतर कळलं. माथा खचला, उतारावर खळगे पडले, केनशिनची छावणी जिथे असायची तिथे विवर झालं. शिनगेनला सुतारपक्ष्याची गरजच उरली नव्हती.

तेवढ्यात बाल्कनीचं दार उघडलं. तिला काही दिसलं नव्हतं, नुसता वास आला होता. स्वयंपाकघरातल्या धुरावरून बेत ओळखणारा केनशिन आणि बाल्कनीतल्या वासावरून ओळखणारी माझी बायको, यांत फरक इतकाच की केनशिन न बोलता चालून आला होता.

"हे काय आहे?"

"साइजो डोंगर."

"आणि हे?" पलंगाखालून तिने पायपुसणं काढलं. मग डबा. मग सैन्य.

त्या रात्री जे झालं ते दोन्ही बाजूंना भारी पडलं, एवढंच नोंदवतो.

पण एक मान्य केलं पाहिजे. शिनगेनच्या डोंगराळ मुलखाला समुद्र नव्हता आणि इतर सरदारांनी त्याचं मीठ तोडलं, तेव्हा केनशिनने आपल्याकडून मीठ जाऊ दिलं, अशी आख्यायिका आहे. जपानीत त्यावरून "शत्रूला मीठ पाठवणं" असा वाक्प्रचारच पडलाय. माझी नदी अडली होती. चिकुमा ही जपानच्या सर्वांत लांब नदीचा वरचा भाग. माझी चार इंच रुंद, निळ्या रंगावर फेविकॉलचे थर देऊन केलेली. फेविकॉल वाळला की काचेसारखा पारदर्शक होतो, पण जुलैच्या हवेत तो वाळेचना. आठवडाभर चिकुमा दुधासारखी वाहत होती. शुक्रवारी बायको काही न बोलता टेबलावर हेअर ड्रायर ठेवून गेली. हे मीठ मी विसरणार नाही. जाता जाता मात्र म्हणाली, "केसांसाठी घेतला होता. तुला तसाही उपयोग नाही." आपल्याकडे मीठ पाठवतातही आणि चोळतातही.

नवा डोंगर मुलीने आणि मी मिळून केला, गोणपाट आणि चिखल वापरून, दिवाळीच्या रीतीने. तिने त्यात गुहा ठेवली आणि गुहेत प्लास्टिकचा वाघ. "जपानमध्ये वाघ नसतो," मी म्हटलं. "किल्ल्यावर असतो," ती म्हणाली. यावर काय बोलणार?

राहिलं धुकं. ते नसेल तर या लढाईत अर्थच नाही. केनशिनची माणसं त्याखाली झाकलेली असायला हवीत. मी आईकडे गेलो आणि या वेळी पेपर वगैरे न घेता सरळ मागितलं.

"वातींचा कापूस? किती?"

"एक खोरंभर."

तिने पिशवी दिली. "परत दे. श्रावण तोंडावर आलाय."

रविवारी तिघे आले. दारात पाय पुसायला जागा शोधत थोडे घुटमळले. आमच्यातल्या इतिहासवाल्याने चप्पल काढायच्या आधी सांगितलं की १५६१ मध्ये केनशिनचं नाव केनशिन नव्हतं, मासातोरा होतं. मग टेबलाजवळ येऊन वाकला, शेतांकडे बघत राहिला. ऑक्टोबरातली लढाई, भात कापलेला, सड उभे. तो काही बोलला नाही. चार महिन्यांत मला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद. मग त्याला वाघ दिसला.

सुतारपक्ष्याची १२,००० माणसं ज्याच्याकडे होती, त्याला मैदानात उतरण्यासाठी सहा पडायला हवे होते. पावणेदोन तास पडले नाहीत. तेवढ्या वेळात त्याने पोह्यांच्या तीन बशा संपवल्या आणि "मी येतोय, मी येतोय" म्हणत राहिला. तिकडे कापूस उचलला गेला आणि केनशिन थेट शिनगेनच्या तंबूशी आला. बखरीत शिनगेन बसल्या जागी लोखंडी पंख्याने त्याच्या तलवारीचे वार झेलतो. माझ्या शिनगेनने एक टाकला आणि गतप्राण झाला. त्याच्या आधी कान्सुके गेला होता, तेवढं इतिहासाला धरून झालं. मग अर्थातच पुढच्याच फाशाला सहा पडले.

मेलेल्यांचा ढीग टेबलाच्या कोपऱ्यात वाढत होता. बेल वाजली. भाजीवाला होता. कोथिंबिरीची जुडी बारा रुपये. बायकोच्या हातात दहाची नोट, मोबाइल चार्जिंगला. ती सुट्ट्या पैशांच्या डब्याकडे गेली, त्यात पाहिलं, मग आमच्या टेबलाशी आली. सगळे गप्प झालो. तिने एकदा रणांगणाकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे.

"यातले मेलेले कुठले?"

मी ढिगाकडे बोट दाखवलं. तिने वरचा एक भालेकरी उचलला, नखाने पायाखालून सोडवला, मला परत दिला आणि नाणं घेऊन दाराकडे गेली.