रिन्युएबल, क्लीन, ग्रीन, नॉन-फॉसिल: कुठलाही शब्द कुठेही चालत नाही

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. सारांश असा: रिन्युएबल, क्लीन, ग्रीन, नॉन-फॉसिल हे सगळे समानार्थी शब्द, उत्तरात कुठलाही लिहा; आणि भारताची निम्मी वीज आता रिन्युएबल आहे. मुलं हे पाठ करून परीक्षेला बसतात, म्हणून एकेक मुद्दा खोडणं भाग आहे.

'जे क्लीन ते रिन्युएबल.' तारापूरचं अणुवीज केंद्र घ्या. अणुभट्टीत वीज तयार होताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, म्हणून तिला क्लीन म्हणतात. पण युरेनियम खाणीतून काढावं लागतं आणि ते पुन्हा उगवत नाही. म्हणजे अणुऊर्जा नॉन-फॉसिल (कोळसा, तेल, वायू न जाळता मिळणारी) आहे, रिन्युएबल (पुन्हा पुन्हा निर्माण होणारी) नाही.

'जे रिन्युएबल ते क्लीन.' गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा. को-जनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पात, जळतं ते उसाचं चिपाड. ऊस पुन्हा लावता येतो, म्हणून ती वीज रिन्युएबलच. पण चिमणीतली राख नीट अडवली नाही, तर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण येऊन बसतात. आणि तो ऊस विहिरी-बोअर उपसून पोसलेला असेल, तर त्या विजेला सस्टेनेबल (पुढेही टिकून राहील अशी) म्हणतानाही दहादा विचार करावा लागतो.

ग्रीन हा यातला सर्वांत सैल शब्द, जाहिरातीत काहीही ग्रीन असतं. हायड्रोजनपुरती मात्र केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मर्यादा ठरवून दिली: किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन नको.

आता 'निम्मी वीज'. सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. जून २०२५ अखेर देशाची स्थापित वीजक्षमता, म्हणजे सगळी केंद्रं मिळून एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज देऊ शकतात ती, सुमारे ४८५ गिगावॅट होती. त्यात नॉन-फॉसिल सुमारे २४३, म्हणजे ५० टक्क्यांच्या जेमतेम वर. यातले जवळपास ९ गिगावॅट अणुऊर्जेचे. ते काढले की रिन्युएबल उरतं २३४, म्हणजे ४८ टक्के. मोठी जलविद्युत केंद्रंही काढली, तर ३८ टक्के! आणि ती काढणं मनमानी नाही. मार्च २०१९ पर्यंत सरकारी हिशेबात २५ मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प रिन्युएबल धरले जात. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प त्यात बसत नव्हता. पाणी तेच, टर्बाइन तीच, व्याख्या तेवढी बदलली.

शिवाय ही क्षमता झाली, निर्मिती नव्हे. सौर पॅनेल रात्री बंद, पवनचक्की वाऱ्याच्या भरवशावर. वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. ट्रकचं डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस तर या हिशेबात येतच नाहीत, कारण वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे.

भारतानं ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलेलं २०३० चं उद्दिष्ट नीट वाचा: स्थापित वीजक्षमतेपैकी ५० टक्के, नॉन-फॉसिल स्रोतांतून. ते पाच वर्षं आधी गाठलं, याचा अभिमान जरूर वाटावा. पण उत्तरात 'क्षमता' गाळून 'वीज' आणि 'नॉन-फॉसिल' गाळून 'रिन्युएबल' लिहिलं, तर खरी कामगिरी सांगणारं वाक्य खोटं ठरतं आणि गुणही जातात.