कमरेचा पट्टा कणा ‘लॉक’ करत नाही

‘एलएस बेल्ट (कमरेचा पट्टा) घट्ट बांधला की कण्याची हालचाल पूर्ण बंद होते, दोन मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर बसते, वजन उचलताना इजा होत नाही. दिवसभर बांधा, निर्धास्त राहा.’ हा मेसेज घरोघरी फिरतोय. कंबरदुखीने बेजार झालेली माणसं त्यावर विसंबतात, म्हणून एकेक दावा तपासू.

हालचाल पूर्ण बंद? मुळीच नाही. पाठीवरून बोट फिरवलं की मणक्यांची टोकं लागतात. १९५७ साली नॉर्टन आणि ब्राउन या संशोधकांनी त्या टोकांत बारीक धातूच्या तारा घातल्या आणि ब्रेस (पट्ट्यासारखाच, पण जास्त कडक आधार) बांधून माणसांना वाकायला लावलं. तारांमधला कोन बदलत होता, म्हणजे मणके हलत होते. काही ब्रेस बांधल्यावर तर कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचं हाड) यांच्या सांध्यापाशी हालचाल उलट वाढली! वरचा भाग जखडला की वाकण्याचा जास्त भार खाली येतो. १९८३च्या एका अभ्यासात एक्स-रे काढून मोजलं, तेव्हा कापडी पट्ट्याने हालचाल साधारण एक तृतीयांशच घटली. अगदी तळाचे दोन सांधे आवरायला मांडीपर्यंत येणारं प्लास्टर लागलं. आणि गादी सरकते ती बहुतेक वेळा याच दोन सांध्यांत. पट्टा पुढे-मागे आणि बाजूला वाकणं कमी करतो, पण कंबरेतून वळणं त्याने फारसं थांबत नाही.

गादी जागेवर बसते? बाहेरून आवळून गादी आत ढकलली जात नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवडे-महिन्यांत आपसूक ओसरतो, आणि श्रेय पट्ट्याला जातं.

वजन उचलताना इजा होत नाही? अमेरिकेतल्या दुकानांमधल्या नऊ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठीला इजा कमी झाली नाही. हमालांना पट्टे वाटून मोकळं होणाऱ्या मालकांनी हे जरूर वाचावं. ओझं हलकं करणं, ट्रॉली देणं हे त्यांचं काम आहे.

पट्टा निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. दुखणं चढलेलं असताना थोडे दिवस तो बांधून काहींना खरंच बरं वाटतं. त्याने स्नायू ‘मरतात’ ही भीतीही अतिरंजित आहे. मणक्याच्या टीबीत किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर ब्रेस देतात, तेव्हा तो सांगितल्याप्रमाणे वापरावा. पण पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर पट्टा आवळत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.