पोटखराबा

परवा माझ्या चार हजारांच्या बिलाचे दोन हजार झाले, आणि तेही महसुली कायद्याच्या आधारानं. डोकं अजून शांत झालेलं नाही.

काम फुटकळ होतं. सातारा जिल्ह्यातली एक पतसंस्था; मुख्य कचेरी गावात, शाखा मार्केट यार्डात. मध्ये नवी लीज्ड लाइन, म्हणजे दोन कचेऱ्या जोडणारी भाड्याची खास लाइन, आलेली. दोन्हीकडच्या राऊटरच्या पोर्टांना आयपी पत्ते (नेटवर्कवर ओळखायचे नंबर) द्यायचे आणि निघायचं. फोनवर मी "अर्ध्या तासाचं काम" म्हणालो होतो. ते नेमकं अण्णांनी ऐकलं होतं.

अण्णा म्हणजे संस्थेचे संचालक, निवृत्त तलाठी. मी कपाटासमोर स्टुलावर बसलो (खाली पावतीपुस्तकांचे गठ्ठे, वर राऊटर, राऊटरवर गणपती) तशी त्यांनी शेजारी खुर्ची ओढली.

"कुठलं गाव तुमचं?"

सांगितलं.

"तिथं मी तीन वर्षं काढली. पाणंदीचे लई तंटे. चालू द्या."

लाइनच्या पोर्टाला १९२.१६८.२.१ टाकला, तर राऊटरनं ओव्हरलॅप म्हणून तो परत तोंडावर फेकला. आधीच्या कुणा महाभागानं आतल्या पोर्टाला २५५.२५५.०.० असा मास्क, म्हणजे पत्त्यांची हद्द ठरवणारा आकडा, लावून ठेवला होता. म्हणजे १९२.१६८ नं सुरू होणारा सगळा मुलूख त्या एका पोर्टाच्या नावावर.

अण्णांनी चष्मा वर केला. "काय म्हणतंय ते?"

"दोन पोर्टांच्या हद्दी एकमेकांत शिरतायत."

"बांध कोरलाय," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "किती कोरलाय?"

"सात कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. त्यांना ६५,५३४ पत्ते."

"आणि सिलिंग? एकानं जमीन किती ठेवायची, तो १९६१ चा कायदा तुमच्यात लागत नाही?"

लागत नाही, हेच तर दुखणं आहे. पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी. सुरुवातीच्या वाटपात हात इतका सैल, की एमआयटी या एका अमेरिकन विद्यापीठाच्या वाट्याला १८ नं सुरू होणारे सगळे, १ कोटी ६७ लाखांवर पत्ते. वतनच ते. मग ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठार रिकामं झालं आणि उशिरा आलेल्यांनी काटकसर शिकायची. आपल्यासारख्यांसाठी १९९० च्या दशकातच काही पत्ते गायरानासारखे मोकळे सोडले होते. म्हणून तर घरोघरी तोच १९२.१६८.१.१. हे सगळं मी अण्णांना हौसेनं सांगत बसलो. गप्प बसायला काय झालं होतं मला?

आतल्या पोर्टाचा आणि सातही कॉम्प्युटरांचा मास्क २५५.२५५.२५५.० केला. त्याबरोबर प्रिंटर गायब. कुणीतरी त्याला १९२.१६८.४०.१२ वर नेऊन बसवला होता; तो आता शिवेबाहेर. त्याला वेशीच्या आत आणेपर्यंत काउंटरवर नऊ माणसं तुंबली. त्यातल्या एक आजी मी जाईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या.

मग लाइनसाठी स्लॅश ३०.

"याच्यात चार पत्ते असतात," मी म्हणालो. "पहिला त्या तुकड्याचं नाव म्हणून ठेवायचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. वापरायला मधले दोन."

"म्हणजे दोन पोटखराबा."

पोटखराबा म्हणजे शेतातली पिकाखाली न येणारी जमीन. मी स्टुलावरून पडायचा राहिलो. जी गोष्ट कॉलेजात मला तीन महिने कळली नव्हती, ती या माणसानं एका शब्दात सातबाऱ्यावर चढवली. मी म्हणालो, "अगदी बरोबर, अण्णा!"

"अ का ब?"

"म्हणजे?"

"अ म्हणजे खडक, नाला, पेरताच येत नाही असं. ब म्हणजे रस्ता, पाणवठा, सार्वजनिक."

"मग ब," मी म्हणालो. मला मेल्याला वर्गवारी करायला कुणी सांगितलं होतं!

पत्ता टाकला. लाइन मुकीच. मी केबल काढून घातली, मार्केट यार्डातल्या पोराला दोनदा केबल बदलायला लावली, लाइनवाल्यांना फोन करून आवाज चढवला. अर्ध्या तासानं अण्णा हळूच म्हणाले, "ह्याचा दिवा लागला नाही बघा."

'नो शटडाऊन' ही आज्ञा द्यायला विसरलो होतो. या राऊटरचे पोर्ट जन्मतः बंद असतात आणि त्यांना 'चालू हो' असं सांगायची सोय नाही. 'बंद राहू नकोस' म्हणावं लागतं. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी लाइनवाल्यांवर ओरडून झाल्यावरच ते आठवतं. मी पुटपुटत अण्णांना समजावलं.

"ना-हरकत दाखला," अण्णा म्हणाले. "आमच्यातही त्याच्याशिवाय काही हलत नाही."

दिवा लागला. चहा आला. मी बिल पुढे केलं : चार हजार फक्त. अण्णांनी ते दोनदा वाचलं, खिशातून लाल पेन काढलं.

"नंबर किती म्हणालात?"

"चार."

"चार नंबर, चार हजार. त्यातले दोन पोटखराबा, ब वर्ग." पेन कागदावर फिरलं. "पोटखराब्याला आकारणी नसते."

मी प्रिंटरचं सांगितलं, मास्कचं सांगितलं, बांध कोरल्याचं त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. अण्णा म्हणाले, हद्द कायमची मोजणी वेगळी, तिचा अर्ज आधी करावा लागतो. व्हाउचरवर लिहिलं : दोन नंबर लावणे, मजुरी. चेक सोमवारी, मीटिंग झाल्यावर. सोमवार होऊन गेला.

एसटीत बसल्यावर आठवलं, की दोनच टोकांच्या लाइनला स्लॅश ३१ चालतो, तसा नियम २००० सालीच निघालाय. दोन पत्ते, दोन्ही वापरात, पोटखराबा शून्य. कऱ्हाड येईपर्यंत हळहळलो. मग अण्णांचा आवाज कानात आला : दोनच नंबर? मग चार हजार कशाचे?