ॲफिडेव्हिट झालं, पण शपथ कोणी घेतली?

कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट नाव, वय, धंदा, पत्ता एवढंच विचारतो. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' हा पुढचा मजकूर त्याच्याकडे तयारच असतो. मग नोटरीचा शिक्का, रजिस्टरमध्ये सही, पैसे, संपलं. यात शपथ नेमकी कधी झाली, ते विचारायचं नाही!

आणि शब्दात तर शपथेशिवाय दुसरं काहीच नाही. मुळात ॲफिडेव्हिट हे नामच नव्हे, लॅटिन क्रियापद आहे. 'फिदेस' म्हणजे विश्वास, त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'अफिदारे', म्हणजे शपथेवर हमी देणं. त्याचं भूतकाळी रूप 'अफिदाविट': त्याने शपथेवर सांगितलं आहे. इंग्लंडमधल्या कोर्टांचं दप्तर १७३३पर्यंत बहुतेक लॅटिनमध्येच चालायचं, तिथून हे रूप जसंच्या तसं इंग्रजीत आलं आणि कागदाचं नाव होऊन बसलं. म्हणजे आधी माणसाने शपथ घ्यायची, कागदावर तिची फक्त नोंद. आपण नोंद तेवढी ठेवली.

कायदा मात्र हे विसरलेला नाही. १९५२च्या नोटरी कायद्यात शपथ देणं हे नोटरीचं काम म्हणून स्पष्ट लिहिलंय. देवाची शपथ नको असेल तर १९६९च्या शपथ अधिनियमानुसार गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. (शिक्का मारताना हे कोणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.)

खरा संताप येतो तो निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालामुळे उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे आपल्याला कळू लागले. हे प्रतिज्ञापत्र ज्यावर भरतात तो फॉर्म २६ निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कोणालाही वाचता येतो. पण त्यात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर त्यासाठीच्या खास कलमात, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५अमध्ये, शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावरही सुटका! लाखो मतदारांना शपथेवर फसवण्याची ही किंमत मला हास्यास्पद वाटते. दोन वर्षं तरी करा.

आणि किरकोळ कामांना ॲफिडेव्हिट मागणं बंद करा. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बऱ्याच दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र पुरेसं मानलं, तरी खिडकीवरून 'ॲफिडेव्हिट आणा' ऐकू येतंच. ही गर्दी हटली तर उरलेल्यांना नोटरीने मजकूर मोठ्याने वाचायला लावावा आणि 'हे खरं आहे ना?' असं तोंडावर विचारावं. दोन मिनिटं लागतील.