टीमलॅब एकच का आणि तेही सकाळी का? आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

आपला अभिप्राय दोनदा नीट वाचला. मे महिन्यातल्या आमच्या जपान टूरला आपण दोन तारे दिलेत आणि जवळजवळ सगळी नाराजी टोकियोच्या टीमलॅबबद्दल, म्हणजे प्रकाशाच्या डिजिटल चित्रांच्या म्युझियमबद्दल आहे. टीमलॅबची दोन म्युझियम असताना आम्ही एकच दाखवलं, दुसऱ्या कंपन्या दोन्ही दाखवतात. सुट्टीवर असूनही भल्या सकाळी उठवलं. सासूबाईंना अनवाणी पाण्यातून चालावं लागलं. आणि यूट्यूबवर फुकट दिसतं त्यासाठी तीन तास घालवले, तेवढ्यात गिंझाला खरेदी झाली असती. टूरची आखणी मी स्वतः करते, म्हणून उत्तरही दादरच्या ऑफिसातून मीच लिहितेय. पुढे जाणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी दोन म्युझियमचं. आपण पाहिलंत ते टोकियोच्या तोयोसू भागातलं टीमलॅब प्लॅनेट्स 2018 मध्ये सुरू झालं. दुसरं म्हणजे बॉर्डरलेस, तेही त्याच वर्षी टोकियोतच ओदायबाला सुरू झालं, ते 2022 मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अझाबुदाई हिल्सच्या तळघरात नव्याने उघडलं. कलाकारांचा गट एकच, पण दोन्ही जागांचा स्वभाव अगदी वेगळा. बॉर्डरलेसला नकाशा नाही आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. तिथली चित्रं एका खोलीत थांबत नाहीत, भिंतीवरून सरकत बाहेर पडतात, पॅसेजमध्ये येतात, दुसऱ्या चित्रात मिसळतात. त्यात अंधार आणि आरसे. अमक्या खोलीपाशी भेटू असं सांगायची सोयच नाही. दोघं-चौघं असतील तर हे भटकणं फार सुंदर असतं. आपल्या ग्रुपमध्ये मात्र दुसरीतल्या मुलापासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळे होते. तिथे टूर लीडर माणसं शोधत बसला असता आणि आजी-आजोबा घाबरून गेले असते. प्लॅनेट्सच्या पाण्याच्या भागाला ठरलेली वाट आहे, सगळे एका बाजूने आत जातात आणि पुढेमागे का होईना, एकाच ठिकाणी बाहेर येतात. म्हणून मोठ्या ग्रुपला मी प्लॅनेट्स देते आणि खासगी टूर करणाऱ्यांना बहुतेक वेळा बॉर्डरलेस.

दोन्ही एका दिवसात मी करणार नाही. दोन्हीकडे ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत. तोयोसू समुद्राकाठी, अझाबुदाई शहराच्या मध्यात. एका दिवसात दोन्ही बसवायची तर प्रत्येकी तासाभरात फोटो काढून बस गाठायची. आयटिनररीवर दोन नावं छापली जातील, पण माणसाच्या हाती काही लागणार नाही. मला तशी टूर विकायची नाही.

सकाळच्या वेळेबद्दल आपली तक्रार मला कळते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे साडेआठ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे पाच झालेले असतात आणि पहिले दोन दिवस शरीर मुंबईच्याच घड्याळावर चालतं. म्हणूनच ही भेट मी पहिल्या दिवशी न ठेवता टूरच्या शेवटाकडे ठेवते. पण वेळ सकाळचीच, कारण प्लॅनेट्समध्ये बऱ्याच ठिकाणी भिंती आणि जमीन आरशाची आहे. वीस माणसं आत असली की शंभर दिसतात. दुपारी जाल तर दिव्यांपेक्षा इतरांचे मोबाइलच जास्त दिसतील. त्यात आपल्या शाळांच्या सुट्ट्या पडतात त्याच सुमाराला, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, जपानचा गोल्डन वीक असतो, म्हणजे त्यांचीही मुलंबाळं घराबाहेर. तिकिटाचा दरही दिवस आणि वेळ बघून बदलतो.

आता पाण्याचं. प्लॅनेट्समध्ये चपला-बूट आणि मोजे लॉकरमध्ये ठेवून अनवाणीच जावं लागतं. सुरुवातीलाच अंधारातला चढ आहे, त्यावरून पाणी वाहत येतं. पुढे एका दालनात पाणी जवळजवळ गुडघ्यापर्यंत. पाय पुसायला टॉवेल मिळतो. हे आम्ही टूरआधीच्या मीटिंगमध्ये सांगतो, छापील सूचनाही देतो, त्या आपल्यालाही दिल्या होत्या. ढगळ सलवार किंवा पायजमा घाला, चुडीदार आणि घट्ट जीन्स गुडघ्याच्या वर चढत नाहीत, हे त्यात लिहिलेलं आहे. सासूबाई साडीत होत्या. तिथे हाफ पँट मिळते आणि टूर लीडरने ती विचारलीही होती, पण जन्मभर नऊवारी-पाचवारी नेसलेल्या बाईने परक्या ठिकाणी हाफ पँट घालावी असा आग्रह कुणी धरू नये. त्याने धरला नाही, हे बरंच केलं. साडीच नेसायची असेल तर बरोबर जाड पेटीकोट नको, सुती हलकी साडी आणि पिशवीत कोरड्या कपड्यांची जोडी, एवढं पुरतं. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, तोल जातो, त्यांच्यासाठी मात्र बॉर्डरलेसच बरं, कारण तिथे पायात बूट राहतात. अशा ज्येष्ठांना मी बुकिंगच्या वेळी तसं सांगते.

यूट्यूबच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी अजिबात सहमत नाही. गुडघाभर दुधट पाण्यात प्रकाशाचे कोई मासे पोहतात. ते आपल्या पायाशी येऊन धडकले की त्यांची फुलं होतात आणि विखरून जातात. ही रेकॉर्ड केलेली फिल्म नाही. आत कोण कुठे उभं आहे त्याप्रमाणे कॉम्प्युटर ते चित्र त्याच क्षणी काढत असतो. आपण उभ्या होतात तेव्हा जे उमटलं ते पुन्हा तसंच उमटणार नाही. फुलंसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात. आपल्याकडे 2023 मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचं 360 अंशांतलं प्रदर्शन आलं होतं, तेही मी आवडीने पाहिलं. पण तिथे चित्रं भिंतीवर फिरतात आणि आपण पाहतो. तोयोसूला आपल्यामुळे चित्र बदलतं. आणि ऑर्किडची बाग तर प्रोजेक्टरची नाहीच. तेरा हजारांहून जास्त जिवंत ऑर्किड छतापासून टांगलेली आहेत, आपण जवळ गेलो की वर सरकून जागा करून देतात. त्यांचा वास कुठल्या स्क्रीनवर येणार? सकाळचा वास आणि रात्रीचा वासही वेगळा असतो, कारण ज्या किड्याची ऑर्किडला गरज असते तो ज्या वेळी फिरतो त्या वेळी तिचा वास वाढतो. यासाठी तीन तास मला जास्त वाटत नाहीत. गिंझाची दुकानं संध्याकाळीही उघडी असतात आणि त्या दिवशी चारनंतर आपल्याला वेळ मोकळा दिला होता.

आपल्या धाकट्या जाऊबाई दिवाळीत नवऱ्याबरोबर जपानला जाणार आहेत असं आपण लिहिलंय. दोघंच असतील तर त्यांना बॉर्डरलेस सांगा. मेट्रोच्या हिबिया लाइनचं कामियाचो स्टेशन अगदी जवळ आहे. कपडे पांढरे किंवा फिके घालावेत, प्रकाश अंगावर छान उमटतो. आत एन टी हाउस नावाचं चहाघर आहे, तिथे चहाचे पैसे वेगळे पडतात, पण तो घ्याच. कपात चहा असेपर्यंत त्यात प्रकाशाचं फूल उमलत राहतं. तिकीट आमच्याकडूनच काढलं पाहिजे असं काही नाही, म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळतं. फक्त बंद असण्याचे दिवस दर महिन्याला सारखे नसतात, ते तिथे आधी बघून मगच टोकियोतले दिवस पक्के करायला सांगा.