‘कार्ड घरी ठेवा, डॉलर घेऊन जा’ या फॉरवर्डला उत्तर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मनीषनगर असो की जरीपटका, मजकूर तोच: "राजे हो, वाचून घ्या. परदेशात क्रेडिट कार्ड घासलं की सरकार २० टक्के टॅक्स कापतं. कार्ड घरी ठेवा, सगळे पैसे डॉलरच्या नोटांत न्या. कार्ड वापरावंच लागलं तर बिल रुपयांत करायला सांगा. नाहीतर फॉरेक्स कार्ड घ्या, त्यावर एक पैसाही चार्ज नाही. आता यूपीआयही सगळीकडे चालतं. उरलेले डॉलर कपाटात ठेवा, भाव वाढतोच."

पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असणार. पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही.

आधी तो २० टक्के टॅक्स. ही अफवा हवेतून आलेली नाही. मे २०२३मध्ये सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशात पैसे पाठवण्याच्या आणि खर्चण्याच्या माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, आणण्याची अधिसूचना काढली होती. त्यावर भरपूर ओरड झाली आणि २८ जून २०२३ला सरकारनेच ते पुढे ढकललं. म्हणून परदेशात असताना केलेल्या क्रेडिट कार्डाच्या खर्चावर टीसीएस, म्हणजे एलआरएसमधल्या रकमांवर आगाऊ कापला जाणारा तो टॅक्स, लागत नाही. गंमत अशी, की ज्या फॉरेक्स कार्डाची, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायच्या कार्डाची, हा मेसेज शिफारस करतो ते मात्र एलआरएसमध्ये मोजलं जातं. नोटा आणि डेबिट कार्डही. तिथेही १ एप्रिल २०२५पासून एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत. २० टक्के लागतात ते त्यावरच्या रकमेला. आठवडाभर बँकॉकला जाणाऱ्या कुटुंबाचा त्याच्याशी संबंधच येत नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर टीसीएस वेगळा लागतो, मग पैसे कसेही भरा. बहुतेकांनी बहुधा तोच टीसीएस पावतीवर पाहिला आणि दोष कार्डावर गेला. शिवाय टीसीएस कापला म्हणजे बुडाला असं नाही. तो पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो.

कार्डावर खरा खिसा कापतो तो मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ती फी, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. दोन टक्केवालं कार्ड असेल तर २,३६०, आणि काही कार्डांवर शून्य. कार्ड निवडताना लाउंजच्या फोटोंना न भुलता बँकेच्या साइटवरच्या अटींच्या कागदात हा एक आकडा शोधा. पण तिथेही पूर्ण हिशेब करा. धरा, परदेशात दोन लाख खर्च होणार आहेत. साडेतीनऐवजी दोन टक्केवालं कार्ड वापरलं तर ३,५४० रुपये वाचतात. त्या नव्या कार्डाची वार्षिक फी तीन हजार असली तर जीएसटी धरून ती होते बरोब्बर ३,५४०. उगाच अर्ज कशाला केला मग?

आता सगळ्यात महागडा सल्ला: बिल रुपयांत करायला सांगा. दुबईतल्या दुकानात किंवा सिंगापूरच्या हॉटेलात कार्ड लावलं की मशीनवर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक रुपयांत. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून हात तिकडेच जातो. याला डीसीसी, म्हणजे ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’, म्हणतात. इथे दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा नसतो, दुकानदाराच्या बाजूची कंपनी आपला नफा धरून तो ठरवते. धरा, तो दर पाच टक्क्यांनी वाईट निघाला, तर लाखामागे पाच हजार तिथेच गेले. त्यावर कडी म्हणजे, बिल रुपयांत असलं तरी व्यवहार परदेशातला, म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका वरून टक्काभर फी आणि तिच्यावर जीएसटी लावतात. मार्कअप वाचवायला गेलेला माणूस मार्कअपपेक्षा जास्त भरून येतो. कधी कधी काउंटरवरचा पोरगा न विचारताच रुपयांचं बटण दाबतो. पावतीवर रुपये दिसले तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, अजिबात लाजू नका. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, आणि तिथले शब्द घाबरवणारे असतात. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दाबलं की पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. पैसे मिळतात, नाकारला जातो तो फक्त त्यांचा दर.

सगळं नोटांत न्यायचं म्हणाल तर बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या नोटांचीच परवानगी आहे. रोख रुपये देऊन चलन घ्यायचं तर ५०,०००पर्यंतच, पुढे चेक किंवा बँकेतून. आणि नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा सहसा वाईटच असतो. थायलंडला डॉलर नेणारे तर दोनदा कापले जातात, इथे रुपयाचा डॉलर करताना आणि तिथे डॉलरचा बाथ करताना. कळमन्याच्या बाजारात माल दोन अडत्यांच्या हातून गेला की शेतकऱ्याच्या हाती काय उरतं ते आपल्याला शिकवायला नको. टॅक्सी, टपरी, टिप यापुरती थोडी रोकड मात्र हवीच. ती बर्डी, सदर, धरमपेठ भागातल्या परवानाधारक विक्रेत्यांकडे दोन-चार दिवस आधी दर विचारून घ्या. आपल्याला बहुधा मुंबई किंवा दिल्लीवरून पुढचं विमान पकडावं लागतं, म्हणून ‘तिथे विमानतळावर घेऊ’ हा बेत ठरतो आणि नेमका तिथला दर सहसा वाईट असतो. नोटा हरवल्या तर गेल्या, कार्ड हरवलं तर फोनवरून ब्लॉक होतं, हा फरकही आहेच. हॉटेल आणि भाड्याची गाडी अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरतात. डेबिट कार्ड दिलं तर ते आपले खात्यातले पैसे अडकतात. क्रेडिट कार्डावर नुसती लिमिट अडकते.

मेसेजवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा देतो, त्यांनी तो मांडलेला नसला तरी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका. फी लागते, मार्कअप लागतो आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

फॉरेक्स कार्ड वाईट नाही, पण फुकटही नाही. डॉलर भरलेलं कार्ड युरोत वापरलं की क्रॉस करन्सी फी, शिवाय कार्ड घेण्याची, एटीएमची, काही ठिकाणी वापर न केल्याचीही फी. ज्या देशात जाताय तेच चलन भरणार असाल तर ते कामाचं आहे.

यूपीआय भूतान, नेपाळ, यूएई, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा काही देशांत चालतं, तेही ठरावीक दुकानांत आणि ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले असतील तरच. मुलाला भेटायला अमेरिकेला निघालेल्या काका-काकूंनी त्याच्या भरवशावर राहू नये. कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२०पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशी वापर आणि त्याची मर्यादा घरून निघण्याआधीच ॲपमध्ये चालू करा, कारण ओटीपीचं सिम तिकडे रोमिंगवर नसलं तर ही गोष्ट तिकडे पोचल्यावर आठवून उपयोग नाही.

राहिले कपाटातले डॉलर. परत आल्यापासून १८० दिवसांत उरलेलं चलन विकावं लागतं. २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतं. त्याहून जास्त जपून ठेवणं ही बचत नाही, फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, उल्लंघन आहे. आणि भाव वाढला तरी विकताना विक्रेता खरेदीचा दर देतो, विक्रीचा नव्हे. पाटीवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतात.