मळू नकोस

डब्यांमागून पॅनकेक मिक्सचं पाकीट निघालं तेव्हा त्याची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. आमच्या इंदूरच्या घरात पॅनकेक कोण खातो? सकाळी पोहे-जिलबी. पण पाकीट टाकून देणं आमच्या रक्तात नाही. पुण्याहून लेक फोनवर म्हणाली, "आई, स्कोन कर, ते चहाबरोबर खायचे छोटे इंग्रजी पाव. मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर त्यात असतंच. २०० ग्रॅमला ५० ग्रॅम गार लोणी, चार-पाच चमचे दूध. फक्त मळू नकोस."

तीस वर्षं दोन्ही वेळची कणीक भिजवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखं. कारणही तिने दिलं. लोण्याचे कण आख्खे राहिले, की ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. मळलं, की मैदा चिवट होतो.

मे महिन्यात इंदुरात गार लोणी ही तशी कविकल्पनाच. फ्रिजपासून ओट्यापर्यंत येताना त्याचं अर्धं अवसान गळतं. बोटांच्या टोकांनी भराभर चोळलं, रवाळ झालं, दूध शिंपडलं. परातीत जे दिसत होतं ते आमच्याकडे सून नवीन असतानाच खपतं.

सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या.

"हे मोहन ना? बाफल्याला घालतो तसं?" बाफले म्हणजे आमच्याकडचे कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले.

"हो आई."

"मग मळ की."

"मळायचं नसतं."

त्या काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

इतक्यात कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. २०१७ साली आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून ही गाडी चुकवणं म्हणजे पाप. ओला डबा, सुका डबा घेऊन धावले. गाडीवाल्याने सुक्यातली केळ्याची साल मलाच उचलायला लावली. परत आले तर परातीत गुळगुळीत, चकचकीत गोळा, वर ओलं फडकं.

"तुझ्याच्याने होत नव्हतं ना," सासूबाई मायेने म्हणाल्या.

यावर भांडता येत नाही. दोन सेंटिमीटर जाड थापलं, वाटीने गोल कापले. वाटी सरळ दाबायची, फिरवायची नाही, नाहीतर कडा दबून फुगत नाहीत, ही सूचना मी तरीही भक्तिभावाने पाळली. १८० अंशांवर अठरा मिनिटं. कडेला जी चीर पडायला हवी ती एकालाही पडली नाही. ताटलीत ठेवले तर टणकन आवाज आला.

इंग्लंडात म्हणे डेव्हनवाले स्कोनवर आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम, आणि त्यावरून वाद घालतात. आमच्याकडे वाद एवढाच झाला, की फोडायला बत्ता घ्यावा की अडकित्ता. ह्यांनी एकावर जिरावण, म्हणजे आमचा पोह्यांवरचा मसाला, भुरभुरवलं आणि "बरं लागतंय" म्हणाले. हे सगळ्यालाच बरं म्हणतात.

सासूबाईंनी एक उचलून टिचकी मारून पाहिला.

"भाजण्याआधी उकडायचे राहिले गं तुझे."

उरलेल्यांचा संध्याकाळी तूप-साखर घालून चुरमा झाला आणि तो पातेलंभर संपला. पाकिटात अजून निम्मं मिक्स आहे. लोणी बर्फाच्या कप्प्यात ठेवलंय. उद्या कचरा टाकायला ह्यांना पाठवणार आहे.